घरात सेन्सरचा नळ बसवावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात दोन सेन्सरचे नळ आले. बेसिनवरचा सहा वर्षांनंतरही जागेवर आहे, स्वयंपाकघरातला आठ महिन्यांत निघाला. त्यामुळे कोणी "चांगला की वाईट?" असं विचारलं की मी उलट विचारतो, कुठे बसवणार आणि त्याखाली कोणाचे हात येणार? खालचे प्रश्न नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि नळ घेऊन पस्तावलेल्या काही जणांनी वेळोवेळी विचारलेले आहेत.

सेन्सरचा नळ चालतो कसा?

नळाच्या मानेवर किंवा बुडाशी एक काळी काच दिसते. तिच्यामागे दोन बारीक डोळे असतात. एक इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि दुसरा तो परत येतोय का ते बघत बसतो. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसाच हा प्रकाश, डोळ्यांना न दिसणारा. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून काचेकडे बघितलं तर बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. हात समोर आला की प्रकाश त्यावर आपटून मागे येतो, आणि सर्किट व्हॉल्वला इशारा देतं. म्हणजे नाव 'मोशन सेन्सर' असलं तरी बहुतेक नळांना हालचाल कळत नाही, समोर काहीतरी आहे एवढंच कळतं. हात स्थिर धरला तरी पाणी चालू राहतं ते म्हणूनच. पल्ला साधारण १० ते २५ सेंटिमीटर.

खरं काम बेसिनखालच्या डबीत होतं. तिथे सोलेनॉइड व्हॉल्व, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारी झडप, असते. तिच्यात रबराचा एक पातळ पडदा पाण्याची वाट अडवून बसलेला असतो, आणि त्याला दाबून धरणारं दुसरंतिसरं कोणी नसून खुद्द पाणीच असतं. पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यातून थोडं पाणी पडद्याच्या पाठीमागे जाऊन साचतं आणि पडदा घट्ट बसून राहतो. इशारा मिळाला की 'टक्' आवाज होऊन एक छोटी दांडी मागे सरकते, पाठीमागचं पाणी निघून जातं, दाब उतरतो आणि पडदा उचलला जातो. इतकं बारीक सांगायचं कारण म्हणजे पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ त्या सुईएवढ्या भोकात आहे.

पाणी खरंच वाचतं का?

आज तुम्ही नळ कसा वापरता त्यावर आहे. साबण चोळताना नळ वाहता ठेवायची सवय असेल तर वाचतं, आणि चांगलंच वाचतं. मिनिटाला ६ लिटर सोडणारा नळ २० सेकंद फुकट वाहिला की २ लिटर गेले. चार माणसं प्रत्येकी दिवसातून सहा वेळा हात धुतात असं धरलं तर हे ४८ लिटर होतात. दोन-तीन बादल्या रोजच्या.

पण साबण लावताना नळ बंद करणारं घर असेल तर सेन्सर वाचवणार काय? उलट दोन वाटांनी थोडं पाणी जातंच. हात काढल्यावर हा नळ लगेच बंद होत नाही, एक-दोन सेकंद घेतो. त्याच हिशेबाने २४ वेळा दोन सेकंद म्हणजे ४८ सेकंद, जवळपास ५ लिटर. दुसरी वाट लक्षात येत नाही. साधा नळ आपण पूर्ण उघडतच नाही, बोटं ओली करायची असतील तर जेमतेम धार सोडतो. सेन्सरच्या नळाला 'जेमतेम' ठाऊक नाही. उघडला की पूर्ण उघडला. फ्लोरिडातल्या हिल्सबरो काउंटीत एका कार्यालयीन इमारतीत साधे नळ काढून सेन्सरचे बसवले आणि आधीचं-नंतरचं पाणी मोजलं. २०१० साली त्याचा अहवाल आला, तेव्हा नळांचा वापर सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला निघाला. कार्यालयाचा हिशेब घराला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरं. पण खोक्यावर छापलेली बचतीची टक्केवारी बघून निर्णय घेऊ नका.

बचत हाच हेतू असेल तर आधी नळाच्या तोंडाची जाळी, म्हणजे एरेटर, बदला. ती पाण्यात हवा मिसळते, धार जाड वाटते आणि मिनिटाला १०-१२ लिटर सोडणारा नळ ५-६ लिटरवर येतो. पाच मिनिटांचं काम आहे. ते करून झालं की सेन्सरचा विचार करा.

हात जास्त स्वच्छ राहतात का?

माझ्या मते हा नळ घ्यायचं खरं कारण हेच. नळ उघडताना आपण घाणेरड्या हाताने त्याला धरतो आणि धुतलेल्या हाताने तोच परत बंद करतो. साबणाच्या बाटलीचं तसं नाही. तिला हात लागतो तो धुण्याआधी, पुढे तो हात धुतलाच जातो. नळाची मूठ मात्र धुतल्यावर पुन्हा हाताला लागते. सेन्सरने ही एक जागा सुटते. शिवाय नळावर साबणाचे ओघळ नाहीत, तेलकट बोटांचे ठसे नाहीत. बागेतली माती, गाडीचं ग्रीस, रंगकाम, कच्चं मांस, आजारी माणसाची शुश्रूषा अशी कामं घरात रोज होत असतील तर फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

पण सेन्सरच्या नळात जंतू जास्त होतात असं वाचलं होतं, त्याचं काय?

वाचलं ते खरं आहे, फक्त पूर्ण वाचायला हवं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २० सेन्सरचे आणि २० साधे नळ तपासले होते. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. सेन्सरच्या नळांतल्या पाण्याच्या निम्म्या नमुन्यांत लिजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जिवाणू वाढला, साध्या नळांत १५ टक्के नमुन्यांत. संशोधकांचा रोख व्हॉल्वच्या गुंतागुंतीच्या भागांवर होता. खाचाखोचा जास्त, म्हणजे जिवाणूंना चिकटून बसायला जागा जास्त. रुग्णालयाने रुग्णांच्या भागातले ते नळ काढून टाकले.

घरासाठी त्यातून काय घ्यायचं? लिजिओनेलाचा संसर्ग पाणी पिऊन सहसा होत नाही, बारीक तुषार श्वासात गेल्याने होतो. धडधाकट माणसाला धोका कमी असतो. वयस्कर, फुप्फुसांचा आजार असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला जास्त. हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या, साचून राहिलेल्या पाण्यात फोफावतो. म्हणून पाहुण्यांच्या खोलीतल्या, महिनोन्महिने न वापरलेल्या बेसिनला सेन्सरचा नळ लावू नये. गावाला जाऊन आलात तर आधी दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्यावं, तेवढा वेळ तोंड लांब ठेवून. आणि घरात केमोथेरपी चालू असलेलं किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं कोणी असेल तर साधा नळच बरा.

आमच्याकडे प्रेशर कमी आहे. चालेल का?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण ही म्हण इथे अर्धीच लागू पडते, कारण साधा नळ कमी प्रेशरवर निदान बारीक धार तरी देतो. सेन्सरचा नळ हटून बसतो. वर सांगितलेला रबरी पडदा पाण्याच्या दाबानेच उचलला जातो आणि दाबानेच बसतो. बऱ्याच व्हॉल्वना त्यासाठी किमान ०.५ बार दाब लागतो. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ म्हणजे जवळपास १ बार. म्हणजे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर टाकीतली पातळी नळापेक्षा किमान ५ मीटर वर हवी.

आता टाकीच्या लगेच खालचा मजला घ्या. नळापासून पाण्याच्या पातळीपर्यंत ३ मीटर भरतात, म्हणजे दाब ०.३ बार. इथे नळ सुरू होईल-न होईल, आणि त्याहून वाईट म्हणजे सुरू झालेला नीट बंद होणार नाही, थेंब थेंब गळत राहील. लोक म्हणतात नळ खराब निघाला. खराब काही नसतं, पडद्याला बसवायला जोरच पुरत नाही. टाकी अर्धी झाल्यावर, म्हणजे बहुधा संध्याकाळी, तक्रार वाढते हीसुद्धा त्याचीच खूण.

तेव्हा दुकानात जाण्याआधी टेप घेऊन उंची मोजा. बादली किती वेळात भरते ते बघून फसू नका. रुंद पाइपातून कमी दाबावरही भरपूर पाणी येतं. शून्य दाबावर चालणारे व्हॉल्वही मिळतात, पण त्यांना वीज जास्त लागते, म्हणून ते सहसा सेलवर चालत नाहीत. दाबवाढीचा पंप असेल तर प्रश्नच नाही, फक्त नळाच्या कागदावर दिलेली कमाल मर्यादा बघून घ्या.

सेल की अडॅप्टर?

बेसिनखाली आधीच प्लग पॉइंट असेल तर अडॅप्टर. नसेल तर केवळ नळासाठी भिंत फोडू नका, सेलचा घ्या. बहुतेक नळांना चार पेन्सिल सेल लागतात. घरगुती वापरात ते वर्ष-दोन वर्षं सहज जातात, कारण व्हॉल्व उघडायला आणि मिटायला क्षणभरच वीज लागते. मधल्या वेळात त्याला चुंबक धरून ठेवतो. अल्कलाइन सेल घाला आणि चारही एकदम बदला. तीन जुने, एक नवा अशी काटकसर केली की जुना सेल पाझरतो आणि डबीतल्या पट्ट्या हिरव्या होतात.

दोन्हींवर चालणारे नळ मिळतात. जमलं तर तेच घ्यावेत. अडॅप्टरमधून येणारी वीज ६ ते १२ व्होल्टची असते, त्यामुळे ओल्या हाताची भीती नळापाशी नाही. भीती आहे ती भिंतीतल्या सॉकेटपाशी. तो सांध्याखाली किंवा गळक्या पाइपाखाली नको, बाजूला आणि वर हवा.

पाणी चालू असतानाच सेल संपले तर? नळ वाहत राहील?

चुंबकाने धरलेला व्हॉल्व उघड्या स्थितीतही तसाच राहू शकतो, म्हणून प्रश्न रास्त आहे. बरे नळ ही वेळ येऊ देत नाहीत. व्होल्टेज उतरलं की आधी लाल दिवा लुकलुकतो, मग शेवटच्या ताकदीनिशी व्हॉल्व मिटतो आणि नळ पुन्हा उघडायला नकार देतो. स्वस्तातल्या नळात ही सोय असेलच असं नाही. म्हणून बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी बंद करायची चावी, फिरतोय ना, हे वर्षातून एकदा बघावं. कित्येक घरांत तो गंजून बसलेला असतो आणि ते कळतं पाणी खोलीत आल्यावर.

गरम पाण्याचं कसं जमवायचं?

नळाच्या बाजूला छोटी दांडी असते किंवा बेसिनखाली मिक्सर बसवतात. एकदा तापमान ठरवलं की दरवेळी तेच पाणी. घरात लहान मूल असेल तर इथे कंजुषी करू नका. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि मुलाला सेन्सरखाली हात घालायला काहीच अडवत नाही, मूठ फिरवायचीही गरज नाही. तापमान रोखणारा थर्मोस्टॅटचा मिक्सर घ्या.

तात्काळ पाणी तापवणारा गीझर असेल तर वेगळीच कटकट आहे. पेटायला त्याला किमान प्रवाह लागतो, बऱ्याच मॉडेलना मिनिटाला २ ते ३ लिटर. फार बारीक जाळीच्या नळावर तो पेटतच नाही. पेटला तरी हात आत-बाहेर झाला की तो विझतो, पुन्हा पेटतो, आणि धार गरम-गार-गरम अशी येते. साठवणीच्या गीझरला हा त्रास नाही. मिक्सर बसवताना दोन्ही पाइपांवर एकेरी, म्हणजे पाणी मागे न येऊ देणारे, व्हॉल्व लावायला सांगा. नाहीतर गरम पाणी चोरवाटेने गारच्या लाइनमध्ये शिरतं आणि संडासाची टाकीही कोमट होते.

स्वयंपाकघरात बसवावा का?

आमचा तिथलाच निघाला, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बेसिनवर नळाला एकच काम असतं. सिंकमध्ये दहा. भांडं विसळायचं, भांडं भरायचं, भाजी धुवायची, सिंक घासायचं, पलीकडचा फडका उचलायचा. यातल्या निम्म्या कामांत हात नळाखालून जातो आणि पाणी नको असतं. आमच्या नळाचा डोळा मानेवर होता. सिंकमध्ये ठेवलेलं भांडं उचलायला हात घातला की धार थेट मनगटावर, बाही कोपरापर्यंत ओली. मोठं पातेलं भरायला ठेवलं की मिनिटभराने पाणी आपोआप थांबायचं, कारण पूर येऊ नये म्हणून या नळांना वेळेची मर्यादा घातलेली असते. मग पातेलं उचलायचं, परत धरायचं. सिंक घासताना तर नळ वेडाच व्हायचा. तिसऱ्या महिन्यात आईने त्या काचेवर कापडी चिंधी बांधली. चिंधी बांधलेला सेन्सरचा नळ आणखी पाच महिने आमच्या घरात होता. कारण काय, तर एवढा खर्च केलाय.

स्वयंपाकघरात हवाच असेल तर तीन गोष्टी बघा. साधी मूठही असलेला घ्या, म्हणजे सेन्सर बंद करून नेहमीसारखा वापरता येईल. डोळा धारेसमोर नको, नळाच्या बाजूला किंवा डोक्यावर हवा, म्हणजे मुद्दाम हात हलवल्यावर सुरू आणि परत हलवल्यावर बंद. आणि धार ओढून लांब करता येणारी तोटी असेल तर ती जागेवर परत नीट बसते का ते दुकानातच हाताळून बघा. पिठाने माखलेले किंवा मांसाचे हात धुवायला स्वयंपाकघरातला सेन्सर सोयीचा आहे, यात वाद नाही. फक्त दिवसातल्या त्या दोन वेळांसाठी उरलेल्या पन्नास वेळा वैताग नको.

बादली, कॅन भरता येतो?

नाही. निदान सुखाने नाही. न्हाणीघरात एक साधा नळ राहू द्या.

कोणी नसताना नळ आपोआप सुरू का होतो?

बहुधा समोरच्या चकचकीत पृष्ठभागामुळे. स्टीलचं किंवा उथळ पांढरं बेसिन, नळासमोर टांगलेला टॉवेल, बाजूला ठेवलेली साबणाची चकचकीत बाटली, यांवरून प्रकाश परत येतो आणि नळाला वाटतं हात आला. खिडकीतून थेट ऊन काचेवर पडत असेल तरी सेन्सर गोंधळतो. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतो. उपाय म्हणजे पल्ला कमी करणं. काही नळांत त्यासाठी स्क्रू किंवा बटण असतं, काहींत सेल काढून परत घातल्यावर काही सेकंद काचेसमोर हात धरून पल्ला शिकवावा लागतो. काहींत तर सेल घातल्यावर पल्ला आपोआप ठरतो, म्हणून सेल बदलताना बेसिनमध्ये काही ठेवू नये.

मांजर असेल तर उपाय नाही. एका ओळखीच्यांच्या मांजराने बेसिनवर बसून पंजा पुढे करायचा शोध लावला. घरमालक आता रात्री बेसिनचं दार लावून झोपतात.

आणि हात धरला तरी येत नाही, असं का?

आधी कान द्या. हात धरल्यावर 'टक्' ऐकू आलं आणि पाणी नाही, तर सेन्सर ठीक आहे. पाणी बंद आहे, जाळी तुंबली आहे किंवा दाब नाही. 'टक्'च नाही, तर सेल, वायर किंवा काच. काचेवर साबणाचा वाळलेला थर असेल तर ओल्या मऊ कापडाने पुसा. घासणी नको, चरे पडले की डोळा कायमचा अधू.

गडद वस्तू प्रकाश कमी परतवतात. काळा रबरी हातमोजा, काळा तवा आणि पल्ला फार आखूड ठेवलेला असेल तर सावळा हातही सेन्सरला उशिरा दिसतो. घरातल्या प्रत्येकाच्या हाताने आणि वापरातल्या भांड्यांनी नळ तपासून मगच पल्ला ठरवा, फक्त बसवणाऱ्याच्या हाताने नको.

आमच्या पाण्याला क्षार फार आहेत.

मग देखभालीची तयारी ठेवा. पांढरा थर तीन ठिकाणी बसतो. तोंडाच्या जाळीवर, काचेवर आणि व्हॉल्वच्या पडद्यावर. जाळी काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवली की सुटते. नळाला तसाच व्हिनेगरची पिशवी बांधून ठेवू नका, चकाकी जाते आणि सेन्सरची कडही खराब होते.

पडद्याचं ते सुईएवढं भोक क्षाराने बुजलं की पाठीमागे पाणी साचत नाही आणि नळ बंदच होत नाही. बसवताना व्हॉल्वच्या आधी जाळीचा फिल्टर नक्की लावा आणि तो दर तीन-चार महिन्यांनी धुवा. क्षार कमी करणारं यंत्र घरात आधीच असेल तर निम्मी चिंता गेली.

जुन्याच नळाच्या तोंडाला लावायची सेन्सरची डबी मिळते. ती कशी?

प्रयोग म्हणून छान. जाळी काढून तिच्या जागी ती फिरवून बसवायची, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज करायची. सेन्सरची सवय घरात जमते का हे महिनाभरात कळतं. पण एक गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते. ही डबी लावली की मागचा नळ कायम उघडा ठेवावा लागतो, म्हणजे तोटीत चोवीस तास दाब. साध्या नळाची फिरती मान आणि तिची वायसरं त्यासाठी केलेली नसतात. रात्री झोपताना आणि घराबाहेर जाताना मूळ नळ बंद करा.

म्हाताऱ्या माणसांना सोयीचा पडतो का?

संधिवाताने बोटं वळत नसतील, पक्षाघातानंतर एकच हात चालत असेल, तर याच्याइतकी सोय दुसरी नाही. माझ्या आत्याला गोल मूठ फिरवताना कळ यायची. ती आमच्याकडे आली की दिवसातून चार वेळा नुसतीच हात धुवायची. पण विसराळूपणाचा आजार असेल तर नवा नळ गोंधळात टाकतो. माणूस सवयीने मूठ शोधतो, ती सापडत नाही, आणि बेसिनसमोर उभा राहून चिडतो. अशा घरात ओळखीचाच नळ राहू द्या. फार तर लांब दांडीचा लावा, कोपराने ढकलता येतो.

स्वतः बसवता येईल का?

अँगल कॉक बंद करून साधा नळ बदलता येत असेल तर हाही येईल. एकच पायरी कधीही गाळू नका. व्हॉल्व जोडण्याआधी पाइपातून बादलीत भरपूर पाणी सोडून द्या. आमच्याकडे आलेल्या प्लंबरने ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी नळ गळू लागला. व्हॉल्व उघडला तर पडद्याच्या कडेला वाळूचा एक कण आणि टेफ्लॉन टेपचा केसाएवढा धागा. दोन्ही काढले, पडदा धुतला, गळती थांबली. तो नळ 'खराब' म्हणून परत करायच्या बेतात होतो.

नियंत्रणाची डबी बेसिनखाली भिंतीवर थोडी वर लावा, जमिनीवर ठेवू नका. तिच्यावर आयपी ६५ किंवा त्याहून वरचा शिक्का असेल तर पाण्याचा फवारा सोसते. नळ बंद होताना पाइप धाडकन वाजत असेल तर तो पाण्याचा धक्का. व्हॉल्व झटक्यात मिटतो म्हणून होतो. अँगल कॉक थोडा आवळला की बहुतेक वेळा थांबतो.

सेन्सरऐवजी दुसरं काही?

आहे की. मनगटाने स्पर्श करून चालू-बंद होणारे टच नळ स्वयंपाकघरात जास्त शहाण्यासारखे वागतात, कारण मुद्दाम स्पर्श केल्याशिवाय ते उघडत नाहीत. पायाने दाबायच्या पेडलला सेल नाही, सेन्सर नाही, पाणी हवं तेवढंच. फक्त जमिनीपाशी पाइप न्यावे लागतात. आणि लांब दांडीचा साधा नळ, तो तर कोणाच्या हिशेबातच नसतो.

विकत घेताना दुकानदाराला काय विचारू?

किमान दाब किती लागतो, बारमध्ये. "सगळीकडे चालतो" हे उत्तर नव्हे. सेन्सर बंद करून हाताने चालवता येतो का. बेसिन पुसण्यासाठी थोडा वेळ थांबवता येतो का. पल्ला आणि वेळेची मर्यादा बदलता येते का. आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात आग्रहाने, सोलेनॉइड आणि सेन्सर सुटे मिळतात का. मिळत असतील तर आत्ता काढून दाखवा म्हणावं. साध्या नळाचं वायसर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. याचा पडदा त्याच कंपनीचा लागतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाच्या विक्रेत्याने दीड वर्षात "तो भाग आता येत नाही" म्हणून हात वर केले. तेव्हा नळ काढलेलाच होता, पण कोणाला देऊन टाकावा म्हटलं तर तेही जमेना.

जुना नळ काढल्यावर काय करायचं?

पुसून, आतलं पाणी झटकून, वायसरांसकट एका पिशवीत घालून बेसिनखाली ठेवा. सेन्सरचा नळ बिघडतो तो सुटीच्या दिवशी, घरात पाहुणे असताना. आमचा एकदाच बिघडला, तेव्हा पिशवीतला नळ बाहेर काढून वीस मिनिटांत लावला आणि नवा पडदा येईपर्यंत अकरा दिवस त्याच्यावर काढले. पहिले दोन दिवस सगळेच त्याच्याखाली हात धरून उभे राहत होतो.